खंडेनवमीला ठेवलेली चावी

त्या वर्षी नवरात्रात मी देवाकडे काहीच मागत नव्हते. देवाशी भांडण झालं नव्हतं. मागायचं कसं, तेच कळत नव्हतं. माझ्या सुनेला, मेघनाला, दोन फुप्फुसं हवी होती. ती बाजारात मिळत नाहीत. त्यासाठी कोणीतरी जावं लागतं, तेही धडधाकट माणूस, तिच्याच रक्तगटाचं, तिच्याच बेताच्या छातीचं. मग मी हात जोडून म्हणणार काय? कुणाच्या तरी घरातलं माणूस लवकर ने, असं म्हणू? चार-पाच महिने मी हेच मागत आले होते आणि मला ते कळलंही नव्हतं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी माझं तोंड बंद झालं.

सुरुवातीपासून सांगते. मोठी साथ येऊन गेली होती, लोकांनी तोंडावरची फडकी काढून टाकली होती, त्यानंतरची ही गोष्ट. आम्ही बडोद्यात वासण्याला राहतो, तळमजल्यावर. मी, मुलगा सतीश आणि मेघना. त्यांची मुलगी पुण्याला शिकते. माघात मेघनाला ताप आला, अंग मोडून आलं, कोरडा खोकला सुरू झाला. ती एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती, तिथे चारजणी अशाच आजारी होत्या. मला वाटलं, साधा ताप आहे. माझी आई करायची तसं मी केलं. करवंटीचा निखारा केला, त्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकली, खोलीची दारं लावली आणि तिला धुरी दिली. एक दिवस नाही, तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. ती बिचारी नाही म्हणाली नाही. एकदाच म्हणाली, "आई, श्वास अडकतो." मी म्हटलं, "अडकतो म्हणजे कफ सुटतोय." चौथ्या दिवशी तिचे ओठ जांभळे झाले तेव्हा सतीशने मला न विचारता तिला उचलून दवाखान्यात नेलं.

गुजराती डॉक्टर म्हणाले, "बा, धुरीने नाही झालं, व्हायरसने झालं. पण तीन दिवस आधी आणायला पाहिजे होतं." हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सतीशला माहीत आहे, पण तो बोलून दाखवत नाही. माझा स्वभाव असा की हाताला काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही. दुखणं दिसलं की हात पुढे. देव दिसला की हात पुढे. चौथीपर्यंतच शिकलेली बाई मी, डोक्यापेक्षा हातावर विश्वास जास्त.

दीड महिना ती यंत्रावर होती. घशाला भोक पाडून नळी घातली होती. व्हायरस गेला, पण जाताना फुप्फुसं खाऊन गेला. डॉक्टरांनी फोटो दाखवला. मला त्यातलं काय कळणार? ते म्हणाले, बा, वाळलेलं दोडकं सोललं की आत जाळी दिसते ना, तसं झालंय. आता त्यात हवा राहत नाही. बदलणं हाच उपाय, आणि तो इथे होत नाही, अहमदाबादला नाव लिहावं लागेल. तिथे तपासण्या झाल्या, नाव लागलं. चैत्रात ती घरी आली ती ऑक्सिजनच्या मशीनसकट. कपाटाएवढं नाही, पण छोट्या फ्रिजएवढं मशीन. दिवसरात्र घूंऽऽ करत असायचं. त्याची नळी तिच्या नाकाला आणि नळी जाईल तेवढंच तिचं घर. न्हाणीघरापर्यंत पुरायची, गॅलरीपर्यंत पुरायची नाही.

मशीन लावायला आलेल्या माणसाने पहिल्यांदा आमच्या देव्हाऱ्याकडे बघितलं. म्हणाला, दिवा नाही, उदबत्ती नाही, कापूर नाही. ऑक्सिजनजवळ ठिणगी म्हणजे भडका. आमच्या घरात माझ्या सासूच्या आधीपासून सांजवात चुकलेली नाही. पण मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी देव स्टीलच्या डब्यात घातले, खंडोबा, देवी, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, एकेकाला फडक्यात गुंडाळून, आणि रिक्षा करून बडोद्यातच अकोट्याला धाकट्या जावेकडे, कुसुमकडे, नेऊन ठेवले. रिक्षात डबा मांडीवर होता. ताक न्यावं तसे देव नेले. तुळशीची कुंडी शेजारच्या नीरुबेनला दिली, कारण मातीत बुरशी असते आणि पुढे ऑपरेशन झालं तर ती चालणार नाही असं सांगितलं होतं. घरात उरलं ते मशीन. त्याची जाळी मी रोज पुसायची. मेघना एकदा म्हणाली, "आई, त्यालाच हळदकुंकू लावा आता." तिला बोलताना दर तीन शब्दांनी थांबावं लागायचं, तरी टोमणा मारायची सवय गेली नव्हती.

श्रावणात एकदा फोन आला होता. फुप्फुसं मिळाली आहेत, निघा. आम्ही निघालो, सिलेंडर गाडीत घालून, धावतपळत. मी पुढच्या सीटवर बसून वाटभर नामस्मरण करत होते. अहमदाबादला तिला आत नेलं, कपडे बदलले, सुई टोचली, आणि तीन तासांनी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, फुप्फुसं चांगली नाहीत, सुजली आहेत, बसवता येणार नाहीत, घरी जा. परत येताना आणंदजवळ चहाला थांबलो. मी पुटपुटले, "एवढं मागितलं, तरी देवाने हातातलं काढून घेतलं." मेघना मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, ज्याची होती... त्याच्या आईनेही... मागितलंच असेल ना." तिने ते मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटलं म्हणून म्हणाली. पण माझ्या हातातला कप तसाच राहिला. त्या दिवसापासून मी मागणं सोडलं. अकोट्याला जायची, देवांना आंघोळ घालायची, फूल वाहायची आणि परत यायची. कुसुम म्हणायची, "वहिनी, काही बोलत का नाही देवाशी?" मी म्हणायची, "त्याला माझा आवाज माहीत आहे, पुरे."

नवरात्रात घट तिच्याकडेच बसले. आणि आता ते सांगते ज्याची मला लाज वाटते.

आमचं घराणं जुन्या संस्थानी पलटणीतलं. माझ्या सासऱ्यांचे आजोबा शिपाई होते. त्यांची तलवार अजून आहे. आता तिने काकडी कापली जाणार नाही, पण आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही ती तलवार पुसतो, तेलाचा हात देतो, देवापुढे ठेवतो आणि तिच्याबरोबर घरातली सगळी हत्यारं ठेवतो. ज्याच्यावर घर चालतं ते ते सगळं. विळी, कात्री, सतीशचे स्क्रू ड्रायव्हर, हातोडी. त्यांना हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. त्या दिवशी आम्ही भाजीसुद्धा आदल्या रात्री चिरून ठेवतो.

नवमीला सकाळी मी पिशवीत विळी-कात्री भरत होते. कोपऱ्यात दोन सिलेंडर उभे होते, प्रवासासाठी भरून ठेवलेले. त्याच्या तोंडावर एक चौकोनी खुंटी असते, ती फिरवायला लोखंडी चावी लागते. ती चावी सुतळीने सिलेंडरच्या मानेला बांधलेली होती. मला वाटलं, या घरात आज खरं हत्यार असेल तर हेच. तलवार कसली? माझ्या सुनेचा जीव या चावीवर आहे. मी सुतळी सोडली. लाइट हल्ली जात नाही, मशीन चालू आहे, सिलेंडर श्रावणापासून लागलेला नाही. एका दिवसाने काय होतंय? असं म्हणून चावी पिशवीत घातली. कुणाला विचारलं नाही. धुरी देताना तरी कुठे विचारलं होतं?

अकोट्याला कुसुमच्या घरी तलवारीबरोबर त्या चावीलाही मी तेल लावलं. चांगलं चोळून लावलं, गंज चढला होता म्हणून. वर हळदकुंकू. निघताना क्षणभर मनात आलं की चावी परत न्यावी. कुसुम म्हणाली, "वहिनी, ठेवलेलं उचलायचं नसतं. उद्या सोनं वाटायला याल तेव्हा न्या." मीच तिला हा नियम शिकवलेला, ती लग्न होऊन आली तेव्हा. मी तशीच निघाले.

दुपारी अडीचला फोन आला. मेघनाच्या उशाशी फोन असायचा. तिने घेतला आणि मला दिला, कारण तिला बोलवेना. पलीकडची बाई गुजरातीत म्हणाली, "हमणां ज नीकळो, बा. पाणी पण पिवडावता नहीं." आत्ताच निघा, तिला पाणीसुद्धा पाजू नका. मी विचारलं, या वेळी नक्की ना? ती म्हणाली, नक्की काहीच नसतं, पण चांगली दिसतात, आणि तुम्ही साडेसहापर्यंत पोचला नाहीत तर पुढच्या नावाला फोन करावा लागेल. सतीश अलकापुरीत ऑफिसात होता, तो पंचवीस मिनिटांत आला. पिशवी भरलेलीच होती. नीरुबेन आवाज ऐकून आली आणि कसलीही चौकशी न करता मेघनाचे केस बांधू लागली. सतीशने एक सिलेंडर गाडीत मागच्या सीटपाशी नीट उभा करून बांधला, दुसरा डिकीत ठेवला, आणि ओरडला, "आई, चावी?"

मी म्हटलं, "अकोट्याला आहे."

"अगं गाडीची नाही. सिलेंडरची."

"तीच. पूजेला ठेवलीय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मेघना पलंगावर बसली होती, नाकात नळी, डोळे मोठे झालेले. ती हसली. खरंच हसली. म्हणाली, "मग... दसऱ्यालाच... जाऊ या का, आई?"

मी कुसुमला फोन लावला. वाजत राहिला. नवमीचं हवन असतं, ती देवीच्या देवळात गेली होती, घराला कुलूप. सिलेंडरवाल्याला फोन केला, तोही उचलेना. ॲम्ब्युलन्सला केला, ते म्हणाले तासभर लागेल, सगळ्या गाड्या बाहेर आहेत. नवमीची दुपार, अकोट्याच्या पुलावर गर्दी, जाऊन-येऊन तास गेलाच असता, वर कुलूप फोडायचं. सतीशने पक्कड घेतली. तेवढी एकच पूजेला गेली नव्हती, गाडीत असते म्हणून. पक्कड त्या खुंटीवरून सटकत होती. दोन-तीनदा सटकली आणि खुंटीचे कोपरे झिजले. त्याच्या बोटातून रक्त आलं. मशीन आत घूंऽऽ करत होतं, पण मशीन गाडीत चालत नाही. मेघना मशीनपाशी जिवंत होती आणि मशीनपाशीच अडकली होती, आणि तिथे अडकवून ठेवणारी मी होते.

मी चपला घालून बाहेर पडले. कुठे जाणार ते ठरलं नव्हतं. घरात उभं राहवेना एवढंच. मी देवाचं नाव घेतलं नाही, हे मुद्दाम सांगते. त्या वेळी मला देवाचा राग आला नव्हता, आठवणच झाली नाही. डोक्यात फक्त तो लोखंडाचा तुकडा. फाटकातून बाहेर येऊन वासणा रोडवर आले. पुढे पार्टी प्लॉट आहे, लग्नकार्याला भाड्याने देतात ते मैदान, तिथे गरबा असतो. त्याच्या दाराशी एक फुगेवाला संध्याकाळची तयारी करत होता. हातगाडीला फुगे बांधलेले, आणि गाडीखाली गॅसचं नळकांडं. त्या नळकांड्याच्या डोक्यावर चावी होती. आमच्यासारखीच. चौकोनी भोकाची.

मी हिंदी कधी नीट शिकले नाही. म्हटलं, "भय्या, वो चावी दो. घर में बहू है, ऑक्सिजन खुलता नहीं." माणूस चाळिशीचा असेल, गळ्यात मफलर त्या उन्हातसुद्धा. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. कोण, कुठे, किती लांब, काही विचारलं नाही. नळकांडं बंद केलं, चावी काढली, हातातला अर्धा फुगलेला फुगा सोडून दिला आणि म्हणाला, "चलो माँजी." मला चालायला वेळ लागतो म्हणून तो पुढे पळाला आणि दर वळणावर थांबून मागे बघत राहिला, कोणतं घर म्हणून.

सतीश गाडीपाशी घामाघूम उभा होता. फुगेवाल्याने खुंटी बघितली आणि जीभ चावली. "किसने चबाया इसको?" चावी बसवली तर नुसती फिरली, कोपरे झिजलेले. मग त्याने खिशातून फुटलेल्या फुग्याचा तुकडा काढला, जाड लाल रबर, तो खुंटीवर ताणून घातला आणि त्यावर चावी ठेवून तळहाताने दोन ठोके मारले. आणि फिरवायच्या आधी थांबला. हात शर्टाला पुसले. सतीशचे हात उलटे करून बघितले. माझ्याकडे बघून म्हणाला, "तेल-वेल तो नहीं लगा है किसी का? ऑक्सिजन के मुँह पे तेल कभी नहीं, माँजी. आग पकड़ लेता है. पहले वेल्डिंग की दुकान में था मैं, एक का हाथ जाते देखा है."

माझ्या डोळ्यापुढे अकोट्याची चावी होती, माझ्या हाताने चोळचोळून तेल लावलेली, चकचकीत. ती घरात असती तर सतीशने घाईत तीच लावली असती. काय झालं असतं ते मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. पुष्कळदा काहीच होत नाही. मी चमत्कार म्हणत नाही आणि कुणी म्हणावं असंही नाही. चावी मी हलवली हे खरं, आणि तेल मीच लावलं हेही खरं. त्या दोन्हींच्या मधून तो माणूस आला, एवढंच मला माहीत आहे.

फुस्सऽऽ करून हवा सुटली. नीरुबेनने मेघनाला धरून आणलं, मशीनची नळी काढून सिलेंडरची लावली. सतीश गाडीत बसला. फुगेवाल्याने चावी खुंटीवरून काढली आणि सतीशच्या हातात दिली. म्हणाला, रस्त्यात दुसरा सिलेंडर लावावा लागेल, ही ठेवा. मी म्हटलं, "और तुम?" नवमीची संध्याकाळ म्हणजे त्याच्या नऊ दिवसांतली मोठी संध्याकाळ. तो म्हणाला, "मेरा हो जायेगा." गाडीत मला जागा नव्हती. पुढे सामान, मागे मेघना आणि सिलेंडर आणि साडीसुद्धा न बदललेली नीरुबेन. मेघनाने काचेतून हात हलवला. गाडी गेली. मी वळून बघितलं तर फुगेवालाही गेला होता. मी त्याचं नाव विचारलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. आयुष्यभर दारात आलेल्याला पाणी विचारणारी बाई मी.

घरात आले. मशीन अजून चालू होतं, नळी जमिनीवर पडलेली, कुणाच्याच नाकाला नाही. मी ते बंद केलं. सहा महिन्यांनी त्या घरात आवाज नव्हता. इतकी शांतता की मला घड्याळ ऐकू आलं. मी जमिनीवर बसले. हाताला करायला काही नव्हतं. देव नाहीत, दिवा नाही, विळी-कात्रीसुद्धा नाही. दमले होते. किती दमले होते ते तेव्हा कळलं. मग मला दुसरं घर आठवलं, कुठलं ते माहीत नाही, जिथे आजच कुणीतरी कागदावर सही केली असेल आणि तीही बाई अशीच रिकामी बसली असेल. मी मोठ्याने म्हटलं, "आता तुझं तू बघ. मी हात लावणार नाही." त्या वर्षातली माझी तेवढीच प्रार्थना.

दिवे लागायच्या वेळी नीरुबेनचा फोन आला, पोचलो, आत नेली. दसऱ्याच्या सकाळी सतीशचा आला, बसवली, चालू आहेत. तो फोनवर रडत होता. मी म्हटलं, रड, पण काहीतरी खाऊन घे.

पुढचं सोपं गेलं असं कुणी समजू नये. पावणेदोन महिने ती अहमदाबादला. ताप आला, गेला. शरीर नवी फुप्फुसं परकी मानतं, म्हणून गोळ्या, मूठभर, घड्याळ लावून, जन्मभर. एकदा पुन्हा यंत्रावर घ्यावं लागलं. घरी आली तेव्हा काठीसारखी झाली होती. तीन छोट्या चेंडूंचं ते श्वास ओढायचं खेळणं दिलं होतं, त्यातला एक चेंडू वर गेला की आम्ही तिघं बघत बसायचो. अजून फुलं आणत नाही, कच्चं खात नाही, देवळातला प्रसाद घरात घेत नाही. किती वर्षं चालेल हे डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. पण ती गॅलरीत जाऊन बसते. पहिल्यांदा गेली तेव्हा मागे वळून जमिनीकडे बघत होती, नळी अडकली का म्हणून.

फुगेवाल्याला मी पुष्कळ शोधलं. चावी परत द्यायची होती. पार्टी प्लॉटवरचा पानवाला म्हणाला, ते लोक नऊ दिवसांपुरते बाहेरगावहून येतात, कुठले कोण सांगणार? तरी रस्त्यात फुगेवाला दिसला की मी रिक्षा थांबवते, चावी काढून दाखवते, ही तुझी का? तो नाही म्हणतो, आणि मग विचारलं म्हणून एक फुगा घ्यावा लागतो. मेघना म्हणते, "आई, घरात लहान मूल नाही, तुम्ही नातीला पुण्याला फुगे पाठवणार का आता?"

या वर्षी सर्वपित्रीला मी एक पान जास्त वाढलं. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांना त्या दिवशी जेवू घालतात. माझ्याकडे तिथी आहे, पण नाव नाही. बाई होती की पुरुष, तेही आम्हाला सांगितलेलं नाही. भात वाढला, वरण वाढलं, आणि काय म्हणायचं ते सुचेना. मेघना तोंडाला मास्क बांधून दारापाशी उभी होती. ती म्हणाली, "जेवा." एवढंच. तिच्या तोंडून एका श्वासात निघालं, आणि श्वास कुणाचा ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मग खंडेनवमी आली. देव अजून अकोट्यालाच आहेत, तिथे त्यांची सोय चांगली आहे, मी हट्ट सोडला. तलवार कुसुमने पुसली. सकाळी मी पिशवी घेतली आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. फुगेवाल्याची चावी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते, आत येणाऱ्या कुणालाही दिसेल अशी. तिला तेल नाही, हळद नाही. सिलेंडर आता कधीमधीच लागतो, पण एक भरलेला असतो. मेघनाने विचारलं, "आई, यंदा काय काय नेताय पूजेला?"

मी खिळ्याकडे बघितलं. हात पुढे गेला होता, खोटं कशाला बोलू? सत्तर वर्षांची खोड एका वर्षात जात नाही. मग हात मागे घेतला आणि पिशवी घडी करून ठेवली.

"काही नाही," मी म्हटलं. "जे जिथे लागतं ते तिथेच राहू दे. त्याला पूजा पोचते."

ती म्हणाली, "मग भाजी कोण चिरणार?"

"तू चीर," मी म्हटलं. "विळी जागेवर आहे."